इशारा वाजतो का, ते कोण पाहणार?

दौंड हे रेल्वेचे गाव. मनमाडची लाइन येथून निघाली ती १८७८ मध्ये, आणि तेव्हापासून गावाचे घड्याळ गाड्यांवरच चालते. माझे माहेर दौंडचे, त्यामुळे रेल्वेतल्या 'फटाक्यां'ची ओळख मला शाळकरी वयातच झाली. हे फटाके दिवाळीचे नव्हेत. ती एक चपटी, लहानशी डबी असते. आत दारू, आणि रुळाला गुंडाळण्यासाठी बाजूला पट्ट्या. पुढे मार्गात अडथळा असेल, तर ब्रॉडगेजवर अडथळ्यापासून ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर तीन डब्या, त्याही एकमेकींपासून दहा-दहा मीटर सोडून, रुळावर बांधायच्या. इंजिनाचे चाक वरून गेले की मोठा आवाज होतो. धुके असो की काळोखी रात्र, चालकाला कळते की आता थांबायचे आहे. १८४१ मध्ये इंग्लंडात एडवर्ड कूपर या अभियंत्याने काढलेली ही युक्ती. दिवे बदलले, सिग्नल बदलले, इंजिने तर कितीदा बदलली. ही डबी मात्र टिकून राहिली.

मला त्या डबीपेक्षाही तिच्याविषयीचा एक नियम जास्त मोलाचा वाटतो. प्रत्येक डबीवर ती कधी तयार झाली याची नोंद असते, जुनी डबी आधी वापरायची असते, आणि ठरावीक काळाने त्या साठ्यातली एखादी डबी काढून रिकाम्या वाघिणीच्या चाकाखाली ठेवतात. ती फुटली तर साठा चांगला. म्हणजे ज्याच्यावर धोक्याची सूचना देण्याचे काम सोपवले आहे, ते साधन स्वतः काम करते की नाही हे आधी पाहायचे, आणि तेही धोका समोर नसताना, शांतपणे. वर्षानुवर्षे कपाटात पडून दारू सर्दावली असेल, तर ते कळण्याची जागा यार्ड आहे, अपघाताची रात्र नव्हे.

माझा स्वतःचा व्यवसाय रेल्वेचा नाही, संगणकाचा आहे. पण पगार मी घेते तो बऱ्याच अंशी याच कामाचा. ते काम समजावून सांगायचे तर आधी 'लायब्ररी' म्हणजे काय ते सांगावे लागेल. संगणकाच्या क्षेत्रात लायब्ररी म्हणजे वाचनालय नव्हे. ती तयार आज्ञावल्यांची कोठी असते. गावचा आचारी लग्नाच्या जेवणाला प्रत्येक मसाला स्वतः कुटत बसत नाही. नावाजलेला तयार मसाला आणतो आणि त्याच्या भरवशावर हजार पाने उठवतो. तसेच आज्ञावली लिहिणारा तारखांचा हिशेब, पावतीची छपाई, दशांशांची गोळाबेरीज यांसाठी दुसऱ्याने लिहून ठेवलेली तयार साधने वापरतो. एका लायब्ररीवर अशा हजारो आज्ञावल्या उभ्या असतात आणि लायब्ररी लिहिणाऱ्याला त्यांतल्या बहुतेकांचा पत्ताही नसतो.

आता मसालेवाल्याला एक जुना मसाला बंद करून त्या जागी नवा आणायचा आहे. एकदम बंद केला तर कुठे ना कुठे लग्नघरी फजिती ठरलेली. म्हणून सभ्यपणाची रीत अशी, की जुने साधन काही काळ चालू ठेवायचे आणि ते वापरणाऱ्याला दर वेळी सांगायचे : 'बाबा रे, हे अमुक आवृत्तीपासून मिळणार नाही, त्याऐवजी तमुक वापर.' या सूचनेला इंग्रजीत डेप्रिकेशन वॉर्निंग म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मोठा गमतीचा आहे : प्रार्थना करून अरिष्ट टाळणे. आपण तिला सरळ 'निवृत्तीची सूचना' म्हणू. सरकारी कचेरीतल्या निवृत्तीप्रमाणे येथेही मुदतवाढ मिळते, हे पुढे येईलच.

ही सूचनासुद्धा कुणीतरी लिहिलेली आज्ञाच असते, म्हणून तीही चुकू शकते. तेव्हा आम्ही मुद्दाम ते जुने साधन वापरून पाहतो आणि सूचना उमटली का ते तपासतो. पायथॉन या संगणकभाषेत लिहिणारे बरेचजण चाचणीसाठी पायटेस्ट नावाचे साधन वापरतात. त्यात तर नेमक्या याच कामासाठी वेगळी सोय आहे. सूचना उमटली नाही, तर चाचणी नापास. पण एवढ्यावर भागत नाही. सूचनेचे बोट कुणाकडे आहे, हे पाहावे लागते. सूचनेबरोबर 'अमक्या फाइलीच्या अमक्या ओळीत' असा पत्ता येतो, आणि तो पत्ता जुने साधन वापरणाऱ्याचा असला पाहिजे. अनेकदा तो चुकून लायब्ररीचा स्वतःचाच येतो, आणि मग वाचणाऱ्याला वाटते, यांचे घरातले भांडण दिसते, आपल्याला काय त्याचे! सूचनेत ज्या नव्या साधनाचे नाव सांगितले, ते खरोखर अस्तित्वात आहे का, हेही पाहावे लागते. हसू नका, पर्यायाचे नाव मधल्या काळात पुन्हा बदललेले असते आणि सूचना मात्र जुनाच पत्ता सांगत राहते, असे पुष्कळदा आढळते. शिवाय जुने साधन निवृत्तीच्या शेवटच्या दिवसापर्यंत बरोबर उत्तर देते आहे ना, आणि जो मुकाट्याने नवे साधन वापरतो आहे त्याच्या कानाशी विनाकारण घंटा वाजत नाही ना, हेही.

हे काम कंटाळवाणे आहे. नवे काही घडवल्याचे समाधान त्यात नाही. तरुण मुलांना ते दिले की त्यांचे चेहरे उतरतात. 'जे काढूनच टाकायचे आहे, त्यावर इतका वेळ कशाला घालवायचा?' असा त्यांचा प्रश्न असतो. त्यावर मी हल्ली शिरूर तालुक्यातल्या दुधाची गोष्ट सांगते.

माझा मावसभाऊ तिकडच्या एका गावात दूध संकलन केंद्र चालवतो. सकाळी सहाच्या आधीपासून किटल्या घेऊन माणसे रांगेत असतात. दूध मोजायचे, फॅट मशीनला लावायचे, फॅट आणि एसएनएफवरून दर काढायचा आणि पावती हातात द्यायची. गाईच्या दुधाला साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफ हा पाया धरून दर खालीवर होतो. पॉइंटापॉइंटाला पैसे बदलतात. हा सगळा हिशेब संगणक करतो. ती आज्ञावली शेजारच्या गावातल्या एका हुशार मुलाने लिहून दिली आणि पुढे तो नोकरीसाठी पुण्याला गेला. पाच-सहा वर्षे ती बिनतक्रार चालली. मग एकदा संगणक दुरुस्तीला गेला, दुकानदाराने चांगुलपणाने त्यातले सगळे काही अद्ययावत करून दिले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पावती निघेना. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ, बाकी काही नाही.

दूध काही थांबत नाही. भावाने वही काढली, दरपत्रक भिंतीवर लावले आणि दोन्ही वेळचे दूध हाताने लिहून घेतले. तीन दिवस हे चालले. घाईघाईत एका बाईंच्या सहा लिटर दुधाची नोंद राहून गेली. दहा दिवसांनी दुधाचा पगार निघाला तेव्हा दोनशेच्या आसपास रुपये कमी आले, आणि पावती नसल्याने त्यांच्या हाती पुरावाही नव्हता. भावाने ते पैसे पदरचे दिले. त्या बाई पैसे घेऊन गेल्या, पण तेव्हापासून प्रत्येक पावती चष्मा लावून वाचतात, हे त्याला जास्त लागले.

मी नंतर तो संगणक पाहिला. आज्ञावली ज्या लायब्ररीवर उभी होती, तिने एक जुने नाव वापरले होते आणि ते नाव नव्या आवृत्तीत काढून टाकलेले होते. अचानक नव्हे. नोंदींच्या एका फाइलीत त्याची सूचना व्यवस्थित लिहिलेली सापडली. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, अशी दोन वर्षांत चौदाशेहून अधिक वेळा. भाऊ म्हणाला, "ताई, हा इतकं ओरडत होता, मग मला ऐकू कसं नाही आलं?"

ऐकू येणार तरी कसे? ती फाइल उघडावी हे त्याला कुणी सांगितले नव्हते, आणि उघडली असती तरी त्यातले काही दुरुस्त करणे त्याच्या हातात नव्हते. ज्याच्या हातात होते तो मुलगा पुण्यात. सूचना चौदाशे वेळा दिली गेली आणि एकदाही पोचली नाही. कागदोपत्री पाहिले तर कुणाचेच काही चुकले नाही, आणि माझी तक्रार नेमकी याच कागदोपत्री निर्दोषपणाविषयी आहे. 'आम्ही कळवले होते' हे वाक्य आपल्याकडे फार लवकर उच्चारले जाते. कळवले याचा अर्थ कळले असा होत नाही.

हा पेच जाणकारांनाही सहज सुटलेला नाही. पायथॉनचाच इतिहास पाहा. या भाषेत पूर्वी निवृत्तीच्या सूचना सर्वांनाच दिसत. तक्रार आली की, आज्ञावली नुसती वापरणाऱ्या सामान्य माणसाला या ओळींचा उपयोग काय? तो घाबरतो मात्र. म्हणून २०१० मधल्या २.७ आणि २०११ मधल्या ३.२ या आवृत्त्यांपासून त्या मुळातच दडवून ठेवायचे ठरले. फक्त चाचण्या घेताना त्या दिसाव्यात. विचार रास्त होता. पण जे चाचण्याच घेत नाहीत, त्या लिहिणाऱ्यांनाही सूचना दिसेनाशा झाल्या. अखेर २०१८ मधल्या ३.७ पासून थोडी माघार घेतली गेली : माणूस स्वतः जी मुख्य आज्ञावली चालवतो, तिच्यातल्या जुन्या वापराची सूचना पुन्हा दिसू लागली. म्हणजे घंटा कुणाच्या कानाशी बांधायची, यावर या मंडळींनी आठ वर्षे काढली. मला यात कमीपणा दिसत नाही. प्रश्नच तेवढा अवघड आहे.

मुदतवाढीचा मासलाही याच भाषेत सापडतो. 'कलेक्शन्स' नावाच्या विभागातली काही नावे दुसरीकडे हलवली गेली आणि २०१२ पासून जुनी जागा निवृत्त असल्याचे जाहीर झाले. सूचना म्हणे, ३.८ मध्ये हे बंद होईल. २०१९ मध्ये ३.८ आली, नावे होती तिथेच. सूचना म्हणू लागली, ३.९ मध्ये बंद. २०२० मध्ये ३.९ आली, तरी चालूच, आता ३.१० मध्ये. २०२१ मध्ये ३.१० आली आणि नावे खरोखरच गेली. तेव्हा ज्यांची कामे अडली त्यांतल्या कित्येकांनी प्रामाणिकपणे सांगितले असते की, आम्हाला वाटले, याही वेळी पुढे ढकलतील.

हे वाचताना आपल्या नोटांची आठवण होईल. २००५ पूर्वीच्या नोटा परत घेण्याचे रिझर्व्ह बँकेने २२ जानेवारी २०१४ रोजी जाहीर केले. ओळखण्याची खूण सोपी : मागच्या बाजूला छपाईचे वर्ष नसेल ती जुनी. तारीख दिली ३१ मार्च २०१४ नंतरची. मग ती १ जानेवारी २०१५ झाली, मग ३० जून २०१५, मग ३१ डिसेंबर २०१५, आणि पुढे जून २०१६. बँकेचा हेतू लोकांची गैरसोय टाळण्याचाच होता. पण दर मुदतवाढीबरोबर सूचनेतली थोडी थोडी दारू सर्दावत जाते, हे नाकारता येणार नाही. याउलट चार आण्याचे नाणे. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून बाद होतील, असे २०१० च्या डिसेंबरात जाहीर झाले आणि त्याच तारखेला ती झाली. अर्थात, बाजारातून ते नाणे कधीच उठले होते, म्हणून हे सोपे गेले, हेही खरे. आणि ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री काही तासांच्या सूचनेवर नोटा बाद झाल्या, तो तिसरा प्रकार कुणी विसरलेले नाही.

मला स्वतःला सर्वांत शहाणपणाचे वाटते ते १ एप्रिल १९५७ चे नाणेबदल. आणे-पै जाऊन दशमान पद्धत आली, पण जुनी आणि नवी नाणी काही वर्षे शेजारी शेजारी चालली. नव्या नाण्याचे नावच 'नया पैसा' ठेवले, म्हणजे प्रत्येक व्यवहारात नाणे स्वतःच बजावत होते की मी नवा, जुन्याशी माझी गल्लत करू नका. त्यावर रुपयाचा कितवा भाग, तेही देवनागरीत लिहिलेले असे. पैसा ओळखीचा झाल्यावर १९६४ मध्ये त्यातला 'नया' हा शब्द गळला. सूचना माणसाच्या तळहातावर होती. कुठल्याही फाइलीत नव्हती. आणि आणा बोलण्यातून अजून गेला नाही. आजही पन्नाशीपुढची माणसे 'सोळा आणे खरे' म्हणतात आणि समोरच्याला अर्थ कळतो. नाणे गेले, पण कुणाची फजिती झाली नाही.

सूचना माणूस जिथे उभा आहे तिथे हवी, याचे उदाहरण पुन्हा दौंडचेच आहे. पुणे आणि मनमाडच्या दरम्यान धावणाऱ्या काही गाड्या आता दौंड जंक्शनात येतच नाहीत. इंजिन उलटे जोडण्याचा वेळ वाचावा म्हणून त्या कॉर्ड लाइनने परस्पर जातात आणि तिथल्या वेगळ्या स्थानकावर थांबतात. व्यवस्था चांगलीच आहे. तिकिटावर 'दौंड कॉर्ड लाइन' असे नावही असते. पण ज्याने आयुष्यभर दौंड म्हणजे जंक्शनच पाहिले, तो 'दौंड' एवढेच वाचतो आणि सवयीने जंक्शनचा फलाट गाठतो. त्याच्यासाठी सूचनेची जागा तिकिटापेक्षा रिक्षाचा थांबा ही आहे. ती कामी येते का, हे पाहायला फार काही करावे लागणार नाही. गाडीच्या आधी अर्धा तास जंक्शनवर उभे राहून चुकून आलेले मोजायचे.

कुणी म्हणेल, मग प्रत्येक सूचना मोठ्या आवाजातच द्या. तसेही नाही. २०२३ मध्ये दूरसंचार विभागाने आपत्तीच्या इशाऱ्याची देशभर चाचणी घेतली तेव्हाचा गोंधळ आठवा. खिशातले मोबाइल एकाएकी कर्कश वाजले, पडद्यावर संदेश आला की, ही केवळ चाचणी आहे, आणि तो वाचायच्या आधीच अनेकांच्या छातीत धस्स झाले. त्यावर टीकाही झाली. मी मात्र त्या दिवशी खूश होते. भीमेच्या आणि घोड नदीच्या काठी राहणाऱ्यांना धरणातून पाणी सोडल्याचे जर पुढेमागे याच मार्गाने कळणार असेल, तर कोणता फोन वाजतो आणि कोणता वाजत नाही, हे कोरड्या दिवशीच कळलेले बरे. पण असा भोंगा दररोज वाजू लागला तर महिन्याभरात लोक तो बंद करून ठेवतील. संगणकातही असेच होते. एकच सूचना हजारदा उमटू लागली की पहिले काम लिहिणारा करतो ते सूचना बंद करण्याचे.

शिरूर तालुक्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तो सुरू केला. शाळेत न रमलेली मुले हाताने काम करत करत तेथे तंत्र शिकतात. २००२ च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या धर्तीची फॅब लॅब तेथे उभी राहिली, एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्यांपैकी एक. तेव्हा आमच्या भागात यंत्रे आणि आज्ञावल्या घडवणारी पोरे नाहीत, अशातला भाग नाही. दूध केंद्राची आज्ञावली लिहिणारा मुलगाही हुशारच होता. त्याला कुणी शिकवले नव्हते ते एवढेच, की काम देऊन मोकळे होण्याआधी सूचनांचे काय करायचे ते ठरवावे लागते. संगणक शिकवणाऱ्या आपल्या बहुतेक वर्गांत लाल अक्षरातली चूक दुरुस्त करायला शिकवतात आणि पिवळ्या अक्षरातल्या सूचनेकडे दुर्लक्ष करायला. मास्तर स्वतःच म्हणतात, 'ते राहू दे, चालतंय ना?' मला विचाराल तर गुणांपैकी निदान दहा गुण त्या पिवळ्या ओळींना ठेवावेत.

केंद्रावर आता एक सोय करून दिली आहे. दर महिन्याच्या एक तारखेला, दुपारी रांग नसताना, भाऊ एक बटण दाबतो. संगणक आदल्या महिन्याच्या एका दिवसाचे दूध पुन्हा मोजल्यासारखे करतो, पण या वेळी त्याला सांगितलेले असते की, निवृत्तीची कोणतीही सूचना आली तर ती चूक समजून थांब. थांबला की मराठीत एक ओळ येते : 'पुण्याला फोन करा', आणि खाली त्या मुलाचा नंबर. बटणातच दोष असू नये म्हणून एक मुद्दाम जुने केलेले साधन आत ठेवले आहे. सुरुवातीला ते वाजलेच पाहिजे. पहिल्या खेपेला त्याखेरीज आणखी चार सूचना निघाल्या. तीन त्या मुलाने एका रविवारी येऊन दुरुस्त केल्या. चौथीसाठी छपाईची लायब्ररी बदलावी लागेल आणि तिची मुदत पुढच्या वर्षापर्यंत आहे.